देवाच्या माळेतली गाठ

हे काही आटपाट नगर नव्हतं बरं का! इथे राजा नव्हता, राणी नव्हती आणि सोन्याचा कळस तर नव्हताच नव्हता. होती एक एवढीशी वाडी. लाल मातीची, लाल चिऱ्यांच्या घरांची. पुढे निळाशार समुद्र, मागे हिरवागार डोंगर, आणि डोंगराच्या कुशीत देवाची राई. त्या राईत कुणी कुऱ्हाड नेत नसे. वाळकी काटकी पडली तरी ती देवाची, फूल पडलं तरी ते देवाचं.

या वाडीत वेणू नावाची एक मुलगी राहायची. आई नव्हती तिला. होते फक्त बाबा, गुणाजी त्यांचं नाव, आणि सुरंगीची झाडं.

सुरंगीची फुलं तुम्ही पाहिलीत का? नसतील पाहिली तर ऐका. उंच उंच झाडाच्या जुन्या फांद्यांना गोल गोल कळ्या लगडतात, मोत्यांच्या दाण्यांएवढ्या. त्या पहाटेच काढायच्या, उन्हाचं बोट लागायच्या आत. ऊन लागलं की कळी झाडावरच उमलते आणि मग ती गजऱ्यात टिकत नाही. पण कळ्यांचा गजरा ओवून केसांत माळला, की एकेक कळी हळूच डोळे उघडते. आत पिवळेधमक तंतू, आणि वास असा, की रस्त्याने जाणारा माणूस जागीच थांबतो.

गुणाजी झाडावर चढायचा, वेणू खाली जुनं लुगडं पसरून बसायची. वरून टपटप कळ्या पडायच्या, खाली वेणू टाळ्या पिटायची. असं सगळं छान चाललं होतं. आणि एका पहाटे कळ्यांबरोबर गुणाजीच खाली आला.

तेव्हापासून तो खाटेवर होता. हाडं जुळली, सूज उतरली, पण पाय काही जमिनीला टेकेनात. वैद्यबुवांनी लेप लावले, काढे दिले आणि शेवटी पिशवी आवरत म्हणाले, "माझ्याकडचा सगळा झाला गो बाय. आता देवाकडचा."

आता झाडावर कोण चढणार? वेणूचा हात पोचायचा तेवढ्याच फांद्या तिच्या. त्या तेवढ्या कळ्यांचा आखूड गजरा व्हायचा आणि तो विकून येणारे तांदूळही आखूडच. भात बाबांना, पेज वेणूला. बाबांनी विचारलं की ती म्हणायची, "माका पेजच आवडता." बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. पोरीचं खोटं बापाला कळत नाही असं थोडंच आहे?

वाडीने आपल्या परीने केलं होतं. गुणाजी पडला तेव्हा देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. त्या वाडीची रीतच होती तशी. आपलं दुःख आपण देवाला सांगायचं नाही, ते दुसऱ्याने सांगायचं. देवळाचे म्हातारे गुरवआजोबा हात जोडून मोठ्या आवाजात देवाला विनवायचे, आणि जमलेले सगळे एका आवाजात म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" म्हणजे, होय रे देवा, आमचंही हेच मागणं आहे! भांडणारे शेजारी असोत की अबोला धरलेले भाऊ, त्या वेळी 'व्हय' म्हणायचंच.

त्या दिवशीही सगळे म्हणाले. एक सोडून.

भागीरथीकाकी. वेणूची शेजारीण. दोन्ही घरांच्या परड्यांच्या, म्हणजे परसांच्या, मधोमध दगडांचा बुटका गडगा, आणि बरोबर त्या गडग्यावर सुरंगीचं एक झाड. काकी म्हणायची माझं, गुणाजी म्हणायचा माझं. झाड बिचारं काहीच म्हणायचं नाही, दोन्हीकडे फुलं टाकायचं. गाऱ्हाणं सुरू झालं तशी काकी पदराने तोंड दाबून देवळाच्या पायऱ्या उतरली आणि दिसेनाशी झाली. वेणूने ते पाहिलं. तेव्हापासून काकी कुणाशी एक शब्द बोलली नाही. वाडी म्हणाली, म्हातारीला गर्व चढला. वेणूने मनातल्या मनात तिचं नाव कावळीण ठेवलं आणि रोज सकाळी गडग्यावरून तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

एका पहाटे वेणूच्या हाताला एकसुद्धा कळी लागली नाही. खालच्या फांद्या ओक्याबोक्या झाल्या होत्या. रिकामी टोपली घेऊन ती राईत गेली, देवाला नमस्कार करायला. तिथे देव म्हणजे एक काळा गुळगुळीत पाषाण, आणि त्याच्यावर वाकलेली एक जुनी, खूप जुनी सुरंगी. बघते तर काय! त्या सुरंगीची फांदी आज खाली झुकलेली, आणि कळ्या किती? पानं दिसेनात इतक्या! दवाने चमचमत होत्या नुसत्या.

वेणूचा हात वर गेला. पोटात भूक होती, खाटेवर बाबा होते. पण हात तसाच खाली आला.

"ह्यो तुझ्यो," ती पाषाणाला म्हणाली, "माका नको." आणि डोळ्यांतलं पाणी पुसत वळली.

तेवढ्यात फांदी खुदकन हसली.

फांदी नव्हतीच ती! कळ्यांच्या घोसात बसली होती एक इवलीशी परी. करंगळीएवढी. सुरंगीच्या पाकळ्यांचे पंख, पिवळ्या तंतूंचे केस, दवाचं लखलखतं परकर-पोलकं. तिच्या मांडीवर एक लांबच लांब माळ होती. ती इतकी लांब होती, की झाडाच्या शेंड्यावरून वर चढत चढत थेट फिकट होत चाललेल्या चांदण्यांत शिरली होती. आणि तिच्यातलं प्रत्येक फूल उमललेलं, प्रत्येक फुलात एक बारीकसा दिवा.

वेणूच्या हातातली टोपली गळून पडली. 

"घाबरू नकोस गं वेणू," परी म्हणाली. आवाज कसा, तर पानावरून थेंब ओघळावा तसा. "मी देवाची माळ ओवते."

"तुका माझा नाव कसा कळला?"

"कुणीतरी घेतलं ना! कुणीतरी तुझ्यासाठी देवाकडे मागितलं. आवाज नव्हता त्या मागण्याला, पण तुझं नाव होतं. म्हणून तर मी आले."

"कोणी?"

परी नुसतीच हसली. मग तिने माळेवरून हात फिरवला. "माणूस दुसऱ्यासाठी मागतो ना, तेव्हा एक फूल उमलतं. ही सगळी तीच फुलं. पण बघ, इथे माळ अडली आहे."

वेणूने पाहिलं. दोऱ्यात एक गाठ बसली होती, बारीक आणि काळी. गाठीच्या अलीकडे दोरा रिकामा होता.

"मग तोडून टाक ती!"

"तोडली तर सगळी माळ ओघळेल. देव गाठ तोडत नाही गं, सुटायची वाट बघतो." परीने तीन कळ्या खुडल्या. "या घे. रोज पहाटे एक, ऊन टेकायच्या आत. कळी ओंजळीत धरून माग. पण नियम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही, स्वतःच्या घरासाठीही नाही. आणि तोंडाने एक अन् मनात एक, असं चालायचं नाही."

वेणूचा चेहरा पडला. मग बाबांचं काय? पण पोरगी हुशार होती. तिने लगेच एक युक्ती काढली. कळी ओंजळीत धरली, डोळे मिटले आणि गुरवआजोबांसारखा आवाज काढून म्हणाली, "बा देवा म्हाराजा! ह्या जगात ज्यांचे ज्यांचे पाय चलनत नाय, त्या सगळ्यांका चालव रे म्हाराजा!"

कळी किंचित हलली आणि घट्ट मिटून बसली.

"डोळ्यांसमोर कुणाचा चेहरा होता गं?" परीने विचारलं.

वेणूने मान खाली घातली. "बाबांचो." मग ती रडायलाच लागली. "कळी फुकट गेली. आता देव माका टाकून देतलो."

"वेडीच आहेस! देव कुठे काही टाकतो?" परीने ती मिटलेली कळी अलगद उचलली आणि आपल्या केसांत खोवली. "राहू दे हिला इथे."

आणि झाडीतून पहिला किरण आला तशी ती दवासारखी विरून गेली.

दिवसभर वेणू विचार करत राहिली. कुणासाठी मागावं? संध्याकाळी देवळातून गाऱ्हाण्याचा आवाज आला, आणि गाऱ्हाणं संपल्यावर नेहमीसारखा गुरवआजोबांचा खोकला. खो खो खो, थांबता थांबेना. वेणू चमकली. अरे! हे आजोबा सगळ्या वाडीसाठी मागतात. कुणाच्या गाईसाठी, कुणाच्या होडीसाठी, कुणाच्या लेकीच्या लग्नासाठी. पण आजोबांसाठी कोण मागतं? कुणीच नाही! गाऱ्हाणं घालणारे तेच, मग त्यांचं गाऱ्हाणं घालणार कोण? एवढी शहाणी वाडी, पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे राईत जाऊन तिने मागितलं. युक्ती नाही, आवाज काढणं नाही. "बा देवा म्हाराजा, आमच्या आजोबांचो खोकलो बरो कर रे. रात्रभर निजाक नाय ते."

"व्हय म्हाराजा," परी हळूच म्हणाली.

आणि कळी उमलली! वेणूच्या ओंजळीत जणू छोटीशी सकाळ झाली. पिवळं, केशरी, मधाळ ऊन तिच्या बोटांच्या फटींतून गळू लागलं. आपण एवढेसे, आपला आवाज एवढासा, आणि तो तिथवर पोचतो? त्या काळ्या पाषाणापाशी तिला एकदम खूप लहान वाटलं, आणि कुणीतरी खूप मोठं आपल्याला कडेवर घेतलंय असंही वाटलं.

त्या संध्याकाळी गुरवआजोबांनी अखंड गाऱ्हाणं घातलं आणि एकदाही खोकले नाहीत. स्वतःच चकित होऊन ते गळ्याला हात लावून बघत राहिले.

आता एकच कळी उरली होती. आणि गाठ तशीच होती.

"ही गाठ खंयची?" तिसऱ्या पहाटे वेणूने विचारलं. अजून चांगलाच काळोख होता.

"दोन घरांच्या मधली. माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक असेल."

वेणूला ठाऊक होतंच. तिने ओठ आवळले. "त्या कावळिणीसाठी मी मागूचंय नाय. माझ्या बाबांसाठी तिना व्हय म्हटल्यान नाय." मग थोडं थांबून म्हणाली, "बरा, मागतंय. देवा, तिच्या तोंडातसून माझ्या बाबांसाठी व्हय काढ."

कळी हललीसुद्धा नाही.

"हे तुला हवं आहे," परी म्हणाली. "तिला काय हवं आहे?"

काकीला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती उठली, कळी मुठीत धरून धावत निघाली आणि आयुष्यात पहिल्यांदा गडगा ओलांडून काकीच्या दारात उभी राहिली.

काकी दारापुढच्या खळ्यात, अंगणात, बसली होती. चूल पेटलेली नव्हती, केस विंचरलेले नव्हते. सुकून काटकी झाली होती म्हातारी. वेणूने इतक्या दिवसांत डोळे वटारले होते, पण नीट पाहिलं असं कधी नव्हतंच.

"काकी," ती म्हणाली, "तुझ्यासाठी देवाकडे काय मागू?"

काकीने वर पाहिलं. कितीतरी दिवस न वापरलेला आवाज रहाटासारखा करकरत बाहेर आला. "माझ्यासाठी? माझ्यासाठी कोण कित्याक मागतला गो?"

"मी मागतंय."

"मगे सांग देवाक," काकी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. "सांग, भागीची जीभ धुवून दी. तुझो बापूस गडग्यावरची फांदी तोडी होतो. माका राग इलो. मी म्हटलंय, पडशीत त्या झाडावरसून! आणि दुसऱ्या दिवशी तो पडलो. ह्या जिभेन पाडल्यान त्याका. म्हणान तेव्हापासून मी ती उघडूक नाय. कोणाशी बोलाक नाय. माझो शब्द लागता गो, विखारी हा तो."

वेणूच्या कानांत वारा शिरल्यासारखं झालं. हिने! हिने म्हटलं होतं, पड! ती गर्रकन वळली आणि राईकडे पळत सुटली. पाय ठेचाळले, परकर करवंदीच्या जाळीत फाटला. पाषाणापुढे जाऊन तिने मूठ उघडली.

"तुका म्हायत होता?" ती देवावर ओरडली. "आणि तरी माका तिच्याकडे धाडलंस?"

डोंगराच्या माथ्यावर उन्हाची कड आली होती आणि ती झाडांवरून हळूहळू खाली उतरत होती. कळीला ऊन लागलं की संपलं. गाठ तशीच राहणार, माळ तशीच अडणार, आणि बाबा तसेच खाटेवर.

पण वेणूला 'दे' म्हणवेना. राग आला होता तिला, खूप राग. ती रडत राहिली, आणि रडता रडता तिला आठवलं, आपणही रोज सकाळी गडग्यावरून मनात काय म्हणत होतो. हिचं कधी भलं होऊ नये, असंच ना? तेव्हा काकीला काही झालं असतं तर? तर आपणही अशाच अंधारात तोंड मिटून बसलो असतो, ही आपलीच करणी म्हणून. आणि देवाला तर हे मनातलंही ऐकू गेलं असणार. तरी त्याने आपल्याला कळ्या दिल्या. पहिली वाया घालवली, तीही टाकली नाही.

ऊन आता सुरंगीच्या शेंड्यावर आलं होतं.

वेणूने ओंजळ वर उचलली. "बा देवा म्हाराजा," ती म्हणाली. आवाज रडका होता, नाक वाहत होतं, पण मन स्वच्छ होतं. "आमची काकी वाईट नाय रे. रागात बोलली ती. तिका वाटता तिची जीभ विखारी हा. तिची जीभ धुवून दी. तिका परत बोलू दी, परत हसू दी. तिच्या चुलीत परत इस्तो पेटू दी रे म्हाराजा!"

क्षणभर काहीच झालं नाही. पानही हललं नाही.

मग दूर कुठेतरी एक पक्षी म्हणाला, "व्हय म्हाराजा." वारा म्हणाला, "व्हय म्हाराजा." वेली म्हणाल्या, वारुळं म्हणाली, खडकाखालचं झुळझुळ पाणी म्हणालं. मोठमोठी जुनी झाडं माना हलवून हलवून गंभीर आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" सगळी राई, सगळा डोंगर, खाली गाजणारा समुद्रसुद्धा! जमीन त्या आवाजाने थरथरली, आणि वेणू कपाळ मातीला टेकवून, डोळे मिटून, ते ऐकत राहिली. इतके सगळे मागत होते एका म्हाताऱ्या बाईसाठी!

डोळे उघडले तेव्हा कळी उमललेली होती.

आणि मागे, राईच्या तोंडाशी, भागीरथीकाकी उभी होती. अनवाणी. वेणूच्या मागोमाग धापा टाकत आली होती ती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने दोन्ही हात जोडले आणि तोंड उघडलं. आता आवाज करकरला नाही. निवळशंख पाण्यासारखा आला.

"बा देवा म्हाराजा! माझ्या शेजारचो गुणाजी खाटेर पडलो हा. कष्टाळू माणूस. पोर लहान हा त्याची. त्याच्या पायांत बळ दी, त्याका उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वेणू जीव खाऊन ओरडली. कारण स्वतःच्या घरासाठी मागायचं नव्हतं, तरी दुसऱ्याच्या मागण्याला 'व्हय' म्हणायला कुठे मनाई होती? आणि सगळी राई तिच्याबरोबर म्हणाली.

माळेतली गाठ सुटली. अगदी सहज, जशी कधी पडलीच नव्हती. परीच्या केसांत खोवलेली ती पहिली कळी, बाबांसाठीची, लबाडीची, मिटून बसलेली, तिने हळूच डोळे उघडले. परीने ती सगळ्यात शेवटी माळेत ओवली.

"सांग ना," वेणू घाईघाईने म्हणाली, "माझ्यासाठी कोणी मागितला होता?"

परीने काकीकडे पाहिलं आणि हसली. त्याच वेळी ऊन खाली उतरलं. पंख, केस, दवाचं परकर-पोलकं, सगळं त्या उजेडात मिसळलं. उजेड सोनेरी झाला, मग पांढराशुभ्र झाला, आणि माळ सळसळत आभाळात ओढली गेली. उरला तो फक्त सुरंगीचा वास.

दोघी परत आल्या तेव्हा गडग्यावरच्या सुरंगीला धरून एक माणूस उभा होता. पाय लटलट कापत होते, पण जमिनीला टेकलेले होते.

"वयनी," गुणाजी काकीला म्हणाला, "ह्या झाडाच्यो कळ्यो निम्म्यो तुमच्यो." मग लेकीकडे बघून म्हणाला, "आणि गो बाय, आज भात तू खा. पेज माका दी. तुका पेज आवडना नाय, म्हायत हा माका."

वेणू धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारून बसली. किती वेळ बसली कोण जाणे.

नंतर काकीच्या घरी चूल पेटली. तिघांचा भात एकाच मडक्यात शिजत होता तेव्हा वेणू काकीला बिलगून म्हणाली, "त्या दिवशी तू देवळाच्यो पायरियो उतरून गेलंस. व्हय म्हटलंस नाय."

"ह्या जिभेन व्हय म्हटलंय असता तर गाऱ्हाणा बाटला असता, असा वाटला गो माका. म्हणान तोंड दाबून भायर इलंय." काकीने चुलीत एक काटकी सारली. "तुझ्या बापासाठी मागूची तर हिंमतच जावक नाय. पण तू थय खांबाक टेकून एकटीच उभी होतंस. मगे सगळ्यात खालच्या पायरीर बसून तुझ्यासाठी मागलंय. तोंडान नाय, मनातल्या मनात. म्हटलंय, देवा, माझा काय व्हयत ता कर, पण ह्या पोरीचो हात सोडू नको."

वेणूने काकीकडे पाहिलं. कावळीण म्हणून आपण जिच्यावर डोळे वटारले, ती त्या वेळी आपलंच नाव घेत होती. तिने काकीचा खरखरीत हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि भात शिजेपर्यंत सोडला नाही.

तेव्हापासून त्या वाडीत एक नवी रीत पडली. गुरवआजोबांचं गाऱ्हाणं संपलं, की एक लहान मूल पुढे होतं आणि आजोबांसाठी गाऱ्हाणं घालतं. मग सगळी वाडी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणते, आणि त्या सगळ्या आवाजांत भागीरथीकाकीचा आवाज सगळ्यात मोठा असतो.